म्युनिकच्या कूपेचा संसार

ऐषारामासाठीं बांधलेलें वाहन शर्यतींत उतरवावयाचें म्हणजे प्रथम त्याचा संसार मोडावा लागतो. म्युनिकच्या ‘बीएमडब्ल्यू’ कारखान्याची देखणी कूपे युरोपीय टूरिंग-कार स्पर्धेंत १९७१ व १९७२ सालीं फोर्डच्या ‘कॅप्री’पुढें हार खात होती. तेव्हां कारखान्यानें फोर्डचेच शर्यत-व्यवस्थापक योखेन नेअरपाश यांना १९७२ सालीं आपल्याकडे वळविलें.

वळणावर गाडी ताब्यांत राहावी, तर केवळ इंजिनाचें बळ वाढवून भागत नाहीं. ‘३.० सीएसएल’ या नांवांतील शेवटचें अक्षर ‘हलकी बांधणी’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचें आहे. पत्रा पातळ झाला. दारें, बॉनेट व डिकीचें झांकण अ‍ॅल्युमिनियमचें झालें. आवाज शोषणारीं अस्तरें गेलीं. गंमत अशी कीं, इंग्लंडसाठीं केलेल्या ५०० गाड्यांवर यांतील बरीचशी सुखसाधनें पुन्हां चढविण्यांत आलीं! गिऱ्हाइकाला कीर्ति हवी होती, गैरसोय नको होती.

तरीहि वेगांत वाऱ्यामुळें मागील चाकांची पकड ढिली होई. म्हणून १९७३ सालीं डिकीवर मोठा पंख बसविला. विमानाचा पंख वर उचलतो, हा खालीं दाबतो. स्पर्धेच्या नियमानें तो विक्रीच्या गाडीबरोबर देणें भाग. जर्मन रस्त्यांवर मात्र त्यास मनाई! तेव्हां तो डिकींत ठेवूनच गाडी गिऱ्हाइकाच्या हवालीं करीत. दोन्ही कायद्यांचा इतका मान वकिलांनींहि क्वचितच राखिला असेल. त्याच जुलैंत न्यूर्बुर्गरिंगच्या सहा तासांच्या शर्यतींत स्टुक व एमन यांची सीएसएल पहिली आली, आणि वर्षअखेर अजिंक्यपद कॅप्रीच्या हातून गेलें.