धक्क्यावर जन्मलेला करार

१५ जानेवारी १९६४ रोजी शिकागोत एका करारावर सह्या झाल्या आणि अमेरिकेतले चार लाखांहून अधिक ट्रक ड्रायव्हर व मालधक्क्यांवरचे कामगार एका छत्राखाली आले. ‘नॅशनल मास्टर फ्रेट ॲग्रीमेंट’ हे त्याचं नाव. त्याचं सगळं श्रेय टीमस्टर्स युनियनचा अध्यक्ष जिमी हॉफा याच्या पदरात पडलं. मालकांना एका टेबलाशी त्यानेच आणलं, हे खरंच आहे. पण या कराराचा मूळपुरुष दुसराच होता. फॅरेल डॉब्ज.

टीमस्टर्स ही मुळात घोडागाड्या हाकणाऱ्यांची युनियन, १९०३ सालची. दूधवाले, बर्फवाले, कोळसावाले अशा धंद्यागणिक वेगळ्या शाखा. ज्याची त्याची बोलणी, ज्याचा त्याचा करार. १९०७ पासून अध्यक्ष असलेल्या डॅन टोबिनला ही रचना सोयीची होती. संपाचं त्याला वावडं होतं.

१९३४ मध्ये मिनियापोलिसने ही घडी विस्कटली. तिथल्या ५७४ नंबरच्या शाखेने ऐन हिवाळ्यात कोळशाच्या वखारी बंद पाडून पहिला विजय मिळवला. वखारीत कोळसा ओढणारा डॉब्ज त्याच लढ्यात युनियनमध्ये आला. मे महिन्यात शहरातली मालवाहतूक थांबली. तडजोड झाली, पण ती एका प्रश्नावर फिसकटली: गोदामाच्या आत माल चढवणारे-उतरवणारे युनियनचे की नाहीत? मालक म्हणत, ड्रायव्हरांपुरतं बोला. युनियनने ऐकलं नाही, आणि मला तर हाच त्या वर्षाचा सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय वाटतो. आतला माणूस सोबत नसेल, तर संपावरच्या ड्रायव्हरच्या जागी दुसरा आणून त्याच धक्क्यावरून गाडी भरता येते.

जुलैत पुन्हा संप सुरू झाला. कार्यालयात फोन खणखणायचा, कुठे ट्रक निघाल्याची खबर यायची आणि ट्रक अडवायला संपकरी पहारेकऱ्यांची गाडी तिकडे धावायची. या गाड्या कुठे पाठवायच्या हे डॉब्ज बघत असे. २० जुलैला पोलिसांनी निःशस्त्र पहारेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. साठाहून अधिक जखमी झाले, दोघांनी जीव गमावला. तरीही संप मोडला नाही. ऑगस्टमध्ये मालकांनी नमतं घेतलं आणि आतल्या कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्कही युनियनला मिळाला.

डॉब्जने पुढे जे केलं ते एका साध्या निरीक्षणावर उभं होतं. लांब पल्ल्याच्या ट्रकला दोन टोकं असतात. एका टोकाचं गाव कितीही युनियनविरोधी असो, माल उतरणार शिकागोत किंवा मिनियापोलिसमध्ये. आणि तिथल्या धक्क्यावर युनियनचा माणूस उभा आहे. करार न करणाऱ्या कंपनीचा माल त्याने हातात घेतला नाही, की दूरच्या मालकाला बोलणीला यावंच लागे. या बळावर १९३८ मध्ये मध्य अमेरिकेतल्या अकरा राज्यांसाठी लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांचा एकच करार झाला. नेब्रास्कातल्या ओमाहाचे मालक अडून बसले. त्यांची सर्व बाजूंनी कोंडी झाली आणि काही महिन्यांनी त्यांनीही सही केली.

डेट्रॉइटचा तरुण हॉफा हे जवळून बघत होता. मात्र डॉब्ज कट्टर ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे ट्रॉट्स्कीच्या मार्गाचा कम्युनिस्ट होता. १९४० मध्ये तो युनियनचं काम सोडून आपल्या पक्षाच्या कामात गेला. पुढच्या वर्षी मिनियापोलिसच्या त्याच्या साथीदारांना मोडून काढायला टोबिनने जी माणसं धाडली, त्यांत हॉफा होता. त्याच वर्षी सरकारविरोधी विचारांच्या प्रचाराचा ठपका ठेवून डॉब्जला शिक्षा झाली, त्याने तुरुंगवास भोगला. तरी धक्क्यावर माल अडवून दूरच्या मालकाला वाकवण्याचं तंत्र आपण डॉब्जकडूनच शिकलो, हे हॉफा पुढे मोकळेपणाने सांगत असे. त्याने ते दक्षिणेत नेलं आणि त्यात एक भर घातली: वेगवेगळ्या करारांची मुदत एकाच दिवशी संपेल असं बघायचं, म्हणजे सगळीकडे एकदमच संपाची टांगती तलवार. १९४७ आणि १९५९ च्या कायद्यांनी करार न करणाऱ्या कंपन्यांच्या मालावरचा असा बहिष्कार जवळजवळ बंद केला. मुदतीची तारीख मात्र युनियनच्या हाती उरली, आणि १९६४ च्या देशव्यापी करारापर्यंतची वाट तिथूनच गेली. त्या करारावरच्या सह्यांनंतर दोनच महिन्यांत ज्यूरीला फितवल्याच्या गुन्ह्यात हॉफा दोषी ठरला. पण त्याच्यावरचा डाग त्या करारातल्या मजुरीला आणि पेन्शनला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

१९८० मध्ये वाहतुकीवरचे सरकारी निर्बंध सैल झाले, युनियन नसलेल्या कंपन्या स्वस्त दराने धंद्यात घुसल्या आणि करार आक्रसत गेला. १९९४ चा संप २४ दिवस चालला. २०२३ मध्ये ‘यलो’ ही मालवाहतूक कंपनी बुडाली आणि युनियनच्या सुमारे २२ हजार सभासदांची नोकरी गेली.

पण युनियनने कोणासाठी आणि कोणाशी बोलायचं, हा १९३४ चा वाद संपलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये टीमस्टर्सनी ॲमेझॉनच्या गोदामांपुढे पहारे उभे केले. तिथे माल पोहोचवणारे ड्रायव्हर कंत्राटदारांचे आहेत, आमचे नाहीत, असं कंपनी म्हणते. युनियनचं म्हणणं, रोजचं काम ठरवतो तोच मालक. बोलणी त्यानेच करायची.