कोब्याची भेग

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. पायाखालच्या जमिनीलाही इतिहास असतो, हे मला जबलपुरातील एका मोटारखान्याने शिकविले. त्याच्या काँक्रीटच्या कोब्याला भेगा पडल्या होत्या. माझ्याच सहीने त्यावर दोनदा सिमेंटचा नवा थर चढला आणि दोन्ही वेळा वर्षाच्या आत त्याच्या खपल्या निघाल्या. तिसऱ्या खेपेस आलेल्या वृद्ध मिस्त्रीने थापी खाली ठेवून विचारले, "साहब, दरार आई काहे से?" खर्चाचा सारा हिशेब फायलीत होता, या प्रश्नाचे उत्तर मात्र नव्हते.

सिमेंट येण्यापूर्वी आपल्याकडे कोबा चुन्याचा असे. घाणीत मळलेला चुना आणि विटांचे तुकडे पसरून ते दिवसचे दिवस लाकडी चोपण्याने चोपीत. 1824 साली इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्या देशात 1914 च्या सुमारास पोरबंदरला आणि त्यापाठोपाठ कटनीला कारखाने निघाले. कटनी त्या काळी जबलपूर जिल्ह्यातच होते. त्याचा वेगळा जिल्हा 1998 साली झाला. सिमेंटने चोपण्याचे श्रम वाचविले, पण धीराची गरज संपविली नाही. सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. त्याला निदान आठवडाभर ओलावा लागतो.

आमच्या भेगांचा दोष सर्वांनी भूकंपावर ठेवला होता. 22 मे 1997 रोजी जबलपूरला 5.8 प्रतीचा धक्का बसला, माणसे दगावली, हजारो घरे तडकली. त्यामुळे हे उत्तर सोयीचे होते. मिस्त्रीने मात्र भेगांच्या टोकांशी पेन्सिलीने खुणा करून तारखा घातल्या. वर्षभराने दिसले की, भेग उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते. दोष भूकंपाचा नव्हता, कोब्याखालच्या काळ्या जमिनीचा होता. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. त्यात पागोळीचे पाणी भिंतीच्या मुळाशीच मुरत होते.

मग काम क्रमाने झाले. आधी पागोळीचे पाणी पन्हळीने दूर नेले. तेलाचे डाग धुऊन काढले. भेगा छिन्नीने रुंद करून धूळ झाडली. हलणाऱ्या भेगेत लवचिक मसाला भरला, स्थिर भेगेत इपॉक्सी. फुटका भाग पक्का थर लागेपर्यंत खोदला, नव्या सिमेंटने भरला आणि सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवला. अठ्ठावीस दिवसांनंतर कोब्यावर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा कडेने चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी त्याखाली दमटपणा नव्हता, तेव्हाच सीलरचे दोन हात दिले. ओल असताना वरून तोंड बंद केले, तर आतली ओल तो थर उचलून फेकते.

आता त्या फायलीत तारखांचा एक कागद लावला आहे. आधीच्या दोन बिलांवर माझी सही आहे, तशीच याही कागदावर आहे. माझ्यानंतर त्या खुर्चीवर बसणारा अधिकारी भेग पाहील, तेव्हा भाव मागविण्यापूर्वी त्याने तो कागद वाचावा, एवढीच इच्छा.