पात्रांच्या भवितव्याचा फैसला

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील मौजे साखरा हे महसुली दप्तरात मंडळाचे गाव म्हणून नोंदलेले आहे; पण ज्याची नोंद कोणत्याही दप्तरात कधी होणार नाही असा एक व्यवहार तेथे, आणि मराठवाड्यातील तशाच शेकडो गावांत, नित्यनेमाने चालत आलेला आहे, तो म्हणजे आदल्या रात्री दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या मालिकेतील माणसांचे पुढे काय होणार, आणि त्याहूनही अधिक म्हणजे त्यांचे काय व्हावयास हवे, याचा खल. सोयाबीनच्या खुरपणीला बायांनी पाती धरल्या की पहिली पात तडीस जाण्यापूर्वीच कुणीतरी हा विषय काढते. "आता तो परत आला तं कामून घ्यावं तिनं त्याला घरात?" असे एकीने म्हणावे, "लेकरांकडं पाहून घ्यावंच लागंल, माय," असे दुसरीने उत्तर द्यावे, आणि दोघींचे ऐकून घेतलेल्या एखाद्या वयस्क मावशीने खुरपे न थांबवता आपला निकाल सांगावा, अशी त्या चर्चेची रीत आहे.

सुशिक्षित माणूस या चर्चेला रिकामा वेळ घालविण्याचे साधन समजतो. मला ते मान्य नाही. ज्या प्रथेत माणसे एका कल्पित स्त्रीच्या भवितव्यावरून दोन दोन वर्षे वाद घालतात, त्या प्रथेला कूळ आहे, आणि ते कूळ शोधीत गेले असता मोठी नवलाची गोष्ट हाती लागते: गोष्ट सांगणे आणि ऐकणे हे आपल्याकडे फार प्राचीन असले, तरी गोष्टीच्या शेवटाविषयी तर्क करणे मात्र प्राचीन नाही.

भरताच्या नाट्यशास्त्राने कथानकाच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. यांतील तिसरी जी प्राप्त्याशा, जिच्यात फळ मिळेल अशी आशा तर दिसते पण शाश्वती नसते, तीच तर्काची जन्मभूमी, हे उघड आहे. परंतु संस्कृत नाटकाचा प्रेक्षक त्या भूमीवर रेंगाळत नसे, कारण नाटक अखेरीस मंगलच व्हावयाचे, नायक-नायिकेचे मीलन होऊन भरतवाक्य म्हटले जावयाचे, हे त्याला नांदीच्या वेळीच ठाऊक असे. पोथीचेही तसेच. श्रीधरस्वामींचे 'हरिविजय', 'रामविजय' आणि 'पांडवप्रताप' हे अठराव्या शतकाच्या आरंभीचे ग्रंथ पिढ्यान् पिढ्या मारुतीच्या देवळात चातुर्मासात लावले गेले, आणि अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर येणार नाही हे पुरते ठाऊक असलेला श्रोता त्या अध्यायाला दरसाल नव्याने रडला. नामदेवांचे जन्मस्थान मानली जाणारी नर्सी याच जिल्ह्यात, शेजारच्या हिंगोली तालुक्यात आहे. तेव्हा कीर्तन ऐकण्याचा संस्कार या मुलखात किती खोल गेलेला असेल ते वेगळे सांगावयास नको. पण कीर्तनाच्या उत्तररंगातले आख्यानही श्रोत्याच्या परिचयाचेच असते. तेथे उत्कंठा असते ती 'काय होईल' याची नसून 'बुवा ते कसे सांगतील' याची. श्रावणातल्या कहाण्या तर सुफळ संपूर्ण होण्याचे अभिवचन घेऊनच सुरू होतात. ज्या कथेचा शेवट परंपरेने आधीच लिहून मोहोरबंद करून ठेवला आहे, तिच्याविषयी अनुमान करणे श्रोत्याला सुचत नाही, आणि सुचले तरी ते औद्धत्य ठरते.

तर्काला वाव मिळाला तो कथा अपुरी असतानाच लोकांपुढे येऊ लागली तेव्हा. हरि नारायण आपटे यांनी 1890 साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः दिली, तेव्हा यमूचे चरित्र वाचणाऱ्या मराठी माणसाची स्थिती पोथीच्या श्रोत्याहून अगदी निराळी झाली. यमू त्याच्या शेजारच्या वाड्यात असावी इतकी ओळखीची होती, तिचे पुढे काय होणार हे कोणत्याही पुराणात लिहिलेले नव्हते, आणि जो ते लिहिणार होता तो गृहस्थ पुण्यात हयात होता. इंग्लंडात हा प्रकार त्याच्या अर्धशतक आधीच घडून गेला होता: 1840-41 मध्ये डिकन्सची 'ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' ही कादंबरी भागशः निघत असता नेल या मुलीला मारू नका अशी विनवणी करणारी पत्रे वाचकांनी त्याला लिहिली होती. 1893 च्या डिसेंबरात कोनन डॉयलने शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटून कथा संपविली, पण वाचकांनी तो फैसला मानला नाही, आणि अखेर दहा वर्षांनी लेखकालाच होम्सला जिवंत परत आणावे लागले. लेखक जिवंत असून त्याची लेखणी अद्याप खाली ठेवलेली नाही, एवढ्या एका गोष्टीने श्रोत्याच्या अंगी अर्जदाराचे बळ येते.

मराठवाड्यात मात्र ही प्रथा छापील अक्षराच्या वाटेने आलेली दिसत नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, राजभाषा उर्दू होती, मराठी शाळा तुरळक होत्या, आणि पुण्या-मुंबईची नियतकालिके साखऱ्यासारख्या गावी नियमाने येऊन सामुदायिक वाचनाचा विषय व्हावीत अशी परिस्थिती नव्हती. त्यामुळे पोथीच्या श्रोत्याचा क्रमशः कादंबरीचा वाचक होणे ही मधली पायरी येथे बहुतांशी गाळली गेली, आणि देवळातल्या ओसरीवरून उठलेला श्रोता थेट दूरचित्रवाणीच्या संचासमोर येऊन बसला. माझ्या मते या भागातल्या चर्चेला जो एक विशेष गांभीर्याचा रंग आहे, तो याचमुळे आला. कथा ही करमणुकीची वस्तू आहे असे येथल्या श्रोत्याला कुणी शिकविलेच नव्हते. कथा म्हणजे धर्माधर्माचा निवाडा, हीच त्याची समजूत होती, आणि ती घेऊनच तो मालिकेकडे वळला.

मालिकेचा जन्मही काही योगायोगाने झालेला नाही. इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळातील माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे हे मेक्सिकोस गेले असता तेथे मिगेल साबिदो यांनी साक्षरता, कुटुंबनियोजन असे विषय कौटुंबिक कथामालेत गुंफून लोकांपर्यंत पोचविल्याचे त्यांच्या पाहण्यात आले, आणि त्या धर्तीवर मनोहर श्याम जोशी यांच्याकडून लिहवून घेतलेली 'हम लोग' ही मालिका 7 जुलै 1984 रोजी दूरदर्शनवर सुरू झाली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोक कुमार येऊन घडलेल्या प्रसंगावर दोन शब्द बोलत आणि प्रेक्षकांना विचारात पाडून जात. तेव्हा मोठ्या संख्येने पत्रे आली. बडकीचे लग्न व्हावे की नाही, कुणाशी व्हावे, याविषयी देशभरच्या लोकांनी आपापली मते कळविली. शासनाने उपदेश ऐकविण्यासाठी मालिका काढली होती; लोकांनी तिच्यात आपले म्हणणे मांडण्याची जागा शोधून काढली.

पण या प्रथेच्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रसंग याहून वेगळा आहे, आणि तो जेवढा सांगितला जावयास हवा तेवढा सांगितला जात नाही. रामानंद सागर यांचे 'रामायण' 25 जानेवारी 1987 पासून दर रविवारी सकाळी दाखविले जाऊ लागले, आणि जुलै 1988 मध्ये रामाच्या राज्याभिषेकाने ते आटोपण्याचा बेत होता. या मालिकेची कथा तर सर्वांत जास्त ठाऊक असलेली. येथे शेवटाविषयी तर्क कसला करावयाचा? तरी वाद निघालाच. उत्तरकांड वगळले तर वाल्मीकींचा आश्रम वगळला जातो, सीतेला आश्रय देणारा, लव-कुशांना वाढविणारा आणि मूळ रामकथा रचणारा ऋषीच कथेबाहेर राहतो, ही गोष्ट वाल्मीकींना आपले कुलपुरुष मानणाऱ्या सफाई कामगारांना मान्य झाली नाही. पंजाबात जालंधर आदी शहरांतून त्यांनी संप पुकारला, तो उत्तर भारतात इतरत्र पसरला, रस्त्यांत कचऱ्याचे ढीग साचले, आणि शेवटी शासनाला माघार घेऊन कथा पुढे चालविण्यास संमती द्यावी लागली. त्यातून 'उत्तर रामायण' निघाले. समाजाने ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नव्हते त्यांनी कथा कोठे संपावी हे ठरविले, याहून श्रोत्याच्या अधिकाराचे मोठे उदाहरण मला दुसरे माहीत नाही. ज्या काळी अमेरिकेत 'डॅलस' मालिकेतील जे. आर. वर गोळी कुणी झाडली यावर लोक पैजा लावीत होते, त्याला दहा वर्षेही लोटली नव्हती. पण पैज लावणे आणि संप करणे यांत जे अंतर आहे तेच कुतूहल आणि न्यायबुद्धी यांत आहे.

1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि त्याच साली 15 ऑगस्टला अल्फा मराठी ही वाहिनी सुरू झाली. 'आभाळमाया' आली, पुढे 'वादळवाट' आली, ईटीव्ही मराठीवर 2001 मध्ये सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' 2013 पर्यंत चालली. ज्या मालिकेसोबत मुली लहानाच्या मोठ्या होऊन सासरी जातात, तिच्यातील पात्रे गावच्या वहिवाटीत सामील होतात यात आश्चर्य कसले? त्यातच या वर्षांत विजेच्या भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्र हैराण झालेला होता. ऐन संध्याकाळी वीज जाई, भाग बुडे, आणि बुडालेला भाग दुसऱ्या दिवशी हापशावर एकमेकींना विचारून भरून काढावा लागे. ज्या गावी कुणाच्याच घरी वीज नसे तेथे तो अनुमानानेच भरला जाई. मागे काय झाले असेल याचा तर्क करण्याची जिला सवय जडली, तिला पुढे काय होईल याचा तर्क करणे कितीसे अवघड? हे अनुमान माझे आहे, पण या भारनियमनाने मराठवाड्यातील श्रोत्याची कल्पकता वाढविली, असे मी निश्चयाने म्हणतो.

मग 2016 साली 'माझ्या नवऱ्याची बायको' आली. तिची राधिका नागपूरकडची, वऱ्हाडी वळणाचे बोलणारी. आणि सेनगाव तालुका वाशीम जिल्ह्याला, म्हणजे वऱ्हाडाला लागून असल्यामुळे तिची बोली येथल्या कानांना पाहुणी वाटली नाही. नवरा गुरुनाथ शनायाच्या नादी लागलेला. राधिकेने काय करावे? या एका प्रश्नाने साडेचार वर्षे खुरपणीच्या पाती, हळद काढणीच्या टोळ्या आणि लग्नघरची स्वयंपाकघरे व्यापली. येथे या चर्चेचे खरे स्वरूप उघड होते. गावात नवऱ्याने टाकलेली एखादी मुलगी असतेच. तिच्याविषयी चारचौघींत मोकळेपणी बोलता येत नाही, कारण तिची आई त्याच पातीत खुरपत असते, तिची सासुरवाडी कुणाच्या तरी नात्यात असते, आणि बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत वेशीबाहेर जातो. राधिकेविषयी मात्र बोलता येते. तिने त्याला घरात घेऊ नये, तिने स्वतःचा धंदा करावा, तिने दुसरे लग्न केले तर कुणी नाव ठेवू नये, ही वाक्ये मालिकेच्या नावावर उच्चारली जातात आणि ज्या कानांवर पडावयास हवीत त्या कानांवर बरोबर पडतात. पुढे मालिकेत राधिकेने सौमित्रशी विवाह केला, तेव्हा ज्या वृद्ध स्त्रियांनी उभ्या आयुष्यात घटस्फोटितेचे लग्न पाहिले नव्हते त्यांनाही त्यावर काही एक मत द्यावे लागले. हे सामर्थ्य उपदेशात नाही.

'तुला पाहते रे'ने वेगळीच परीक्षा घेतली. 2018 मध्ये प्रेक्षकांनी ज्या विक्रांत सरंजामेला सज्जन प्रियकर म्हणून स्वीकारले, तोच पुढे कपटी निघाला, आणि आपला अंदाज चुकला म्हणून नव्हे तर आपला विश्वास मोडला म्हणून पुष्कळांना वाईट वाटले.

2019 च्या डिसेंबरात सुरू होऊन 30 नोव्हेंबर 2024 ला संपलेल्या 'आई कुठे काय करते!'च्या वेळी आणखी एक नवी परिस्थिती उत्पन्न झाली होती. ही कथा मूळ बंगाली 'श्रीमयी'वरून घेतलेली, आणि तिचेच हिंदी रूप 'अनुपमा' म्हणून दुसऱ्या वाहिनीवर चाललेले. ज्या घरी दोन्ही पाहिल्या जात तेथील सून "हिंदीत तर असं झालंय, आत्याबाई," म्हणून पुढचा दाखला आणी, आणि आत्याबाई "आपल्या अरुंधतीचं तसं व्हायचं नाही" म्हणून तो दाखला नामंजूर करीत. शेवट कोठेतरी लिहिला गेला आहे, तरी आपल्या शेवटावर आपला हक्क आहे, असा हा विचार आहे. पोथीच्या श्रोत्यापासून येथवर येताना किती वाट चालली गेली ते यावरून ध्यानात यावे.

आणि हा हक्क केवळ मनातला राहिलेला नाही. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेने 2015 च्या ऑक्टोबरापासून ग्रामीण घरांचेही आकडे जाहीर करावयास आरंभ केला. त्याआधी मोजणी होती ती शहरांची. दर आठवड्याचे आकडे पाहून लेखक कथेला वळण देतात हे या व्यवसायात उघड गुपित आहे. त्यानंतर लवकरच 'तुझ्यात जीव रंगला', 'लागिरं झालं जी' अशा गावाकडच्या मालिका आघाडीवर आल्या, यात मला त्या मोजणीचा हात दिसतो. परंतु मोजणीयंत्राला संच चालू होता एवढेच कळते. पातीवरच्या मावशीने काय निकाल दिला, आणि का दिला, हे त्याला कळत नाही.

गी पोयतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करविल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली, आणि एरवी जात्याबरोबरच मुकाट झाला असता असा स्त्रियांचा सारा विचार त्यामुळे शिल्लक राहिला. मालिकेतील पात्रांविषयीचे हे निवाडे त्याच जातीचे आहेत, आणि मालिका संपली की महिन्याभरात ते विसरले जातात. हिंगोली जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या मराठी विभागाने आपल्या विद्यार्थ्यांना येत्या खरिपात साखऱ्याला आणि आसपासच्या गावी पाठवावे, खुरपणीच्या पातीवर बायांसोबत बसवावे, आणि त्या जे बोलतील ते त्यांच्याच बोलीत, एक शब्दही न बदलता, उतरवून घ्यावे.