दिनविशेष : ५ मार्च – बेहिस्तूनचा कडा आणि नाशिकचा क्षत्रप

प्राचीन इराणचे शिलालेख उलगडणारे हेन्री रॉलिन्सन यांचे ५ मार्च १८९५ रोजी लंडनमध्ये निधन झाले. १८२७ मध्ये सतरा वर्षांचा हा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होऊन मुंबईला निघाला. त्याच जहाजावर मुंबईचे नवे गव्हर्नर जॉन माल्कम होते. त्यांनीच इराणच्या इतिहासाची गोडी लावली. पुढे इराणमध्ये नेमणूक झाल्यावर रॉलिन्सन यांनी बेहिस्तूनचा उंच कडा जिवावर उदार होऊन चढून सम्राट दारयवहूचा लेख उतरवून घेतला. एकच मजकूर, तीन भाषा. त्यातील प्राचीन फारसी भागाचे त्यांचे वाचन १८४६-४७ मध्ये प्रसिद्ध झाले.

या लेखात प्रांताधिपतीसाठी आलेला शब्द म्हणजे आपल्या 'क्षत्रप'चे मूळ रूप. अर्थ, राज्याचा रक्षक. शक राजांबरोबर तो दख्खनेत उतरला आणि सुमारे सहाशे वर्षांनी नाशिकच्या पांडवलेणीच्या दहाव्या लेण्यात कोरला गेला. तिथे क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे व्याजाने ठेवलेल्या रकमेचा हिशेब आजही भिंतीवर आहे. १९०६ मध्ये जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारून पुन्हा चलनात आणली होती. लेणी पाहायला जाल तेव्हा दहाव्या लेण्याच्या ओवरीत थांबून ही अक्षरे जरूर निरखा.