संगणकाच्या आरंभाचे दोन करार

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि तह उभे राहतात. परंतु यंत्रांनाही इतिहास असतो, आणि तो ठाऊक नसला म्हणजे त्याचा भुर्दंड बहुधा गरिबाला बसतो, असे आम्ही कामगार चळवळीत वारंवार पाहिले आहे. आज अशाच एका यंत्राची हकिकत सांगावयाची आहे.

आपल्या मुळशी तालुक्यात एकीकडे हिंजवडीचे संगणक-उद्योगाचे नगर आहे आणि दुसरीकडे टेमघर धरणाच्या खालच्या अंगाला मुठा खोऱ्यातली गावे आहेत. कचेऱ्यांतून निघालेले संगणक जुन्या बाजारातून सामान्यांच्या घरी येतात. एका यंत्राची हार्ड डिस्क दुसऱ्यात बसते. मग घरातला मुलगा त्यावर नव्याने विंडोज टाकावयास बसतो, आणि पडदा त्याला सांगतो की या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही. डिस्कवर ‘एमबीआर’ कोष्टक आहे आणि यंत्राला ‘जीपीटी’ हवे आहे. डिस्क बिघडली, असे समजून तो नवी आणण्याच्या गोष्टी करू लागतो. वास्तविक डिस्क धडधाकट असते. भांडण आहे ते दोन काळांतल्या दोन करारांचे.

मुळात अडचण अशी की, वीज येते तेव्हा यंत्राला काहीच ठाऊक नसते. कार्यप्रणाली डिस्कवर निजलेली असते. प्रणालीवाचून डिस्क वाचता येत नाही, आणि डिस्क वाचल्यावाचून प्रणाली मिळत नाही! स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलावे, तसा हा प्रकार. म्हणूनच इंग्रजीत यंत्राच्या जागे होण्याला ‘बूट’ होणे हे नाव पडले. १९८१ च्या ऑगस्टात आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा ‘बायोस’ नावाचा एक लहानसा कार्यक्रम यंत्रातच कायमचा बसविला. पहारेकऱ्याप्रमाणे हा आधी उठतो आणि मग धन्याला उठवतो.

१९८३ हे साल आम्हा संघटनेच्या माणसांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्या साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँकांचा संघ यांच्यात संगणक आणण्याविषयी करार झाला. त्याच साली आयबीएमने दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेले यंत्र काढले, आणि त्याबरोबर डिस्कची वाटणी कशी लिहावयाची हेही ठरले. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत सारे बसवावयाचे: ४४६ बाइट आरंभीच्या कार्यक्रमाला, ६४ बाइट वाटणीच्या कोष्टकाला, दोन बाइट खुणेला. हेच एमबीआर. सातबाऱ्याची सवय असलेल्यांना ही वाटणी चटकन समजेल. एका हिश्श्याच्या नोंदीला १६ बाइट, म्हणून हिस्से चारच. पाचवा वारस आला तर चारांपैकी एकाच्या पोटात पोटहिस्से पाडावयाचे. शिवाय जागेचा क्रमांक ३२ अंशांचा, त्यामुळे सुमारे दोन टेराबाइटांच्या पलीकडची जमीन मोजणीतच येत नाही. दहा मेगाबाइटांच्या काळात ही मर्यादा कोणाला खटकणार?

पुढे डिस्का वाढल्या. इटेनियम या मोठ्या यंत्रांसाठी इंटेल कंपनीला जुना बायोस अपुरा पडला. तेव्हा १९९० नंतरच्या दशकात तिने नवा पहारेकरी घडविला, तो ‘ईएफआय’. २००५ पासून अनेक कंपन्यांच्या मंडळाने तो ‘यूईएफआय’ या नावाने चालविला. त्याच्याबरोबर जीपीटी हे नवे कोष्टक आले. त्यात क्रमांक ६४ अंशांचे, हिस्से सामान्यतः १२८ पर्यंत, आणि कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. एक चोपडी फाटली तर दुसरी शाबूत!

दोन्ही करार बराच काळ एकाच यंत्रात नांदले, आणि घोटाळा येथेच झाला. विंडोजचा नियम कडक आहे: यूईएफआयच्या दाराने आलात तर आरंभीची डिस्क जीपीटी हवी, जुन्या दाराने आलात तर एमबीआर हवी. उलटसुलट चालत नाही.

म्हणून उपायही दारापासूनच सुरू होतो. आरंभीच्या यादीत एकच पेनड्राइव्ह पुष्कळदा दोनदा दिसतो. एका नावामागे ‘यूईएफआय’ अक्षरे असतात. आपण कोणते नाव निवडले, ते आधी पाहावे. मग बसवणीच्या पडद्यावर शिफ्ट व एफ-१० या कळा एकदम दाबल्या की काळी चौकट उघडते. तेथे ‘डिस्कपार्ट’ आणि नंतर ‘लिस्ट डिस्क’ लिहिले म्हणजे डिस्कांची यादी येते. जीपीटीच्या रकान्यात तारा असेल तर कोष्टक नवे, नसेल तर बहुधा जुने. यंत्र यूईएफआयपूर्वीचे असेल तर जुने दार आणि जुने कोष्टक ठेवावे. दोन टेराबाइटांच्या आत त्याने काही अडत नाही. यंत्र नवे आणि डिस्क रिकामी असेल तर ‘सिलेक्ट डिस्क’ने ती डिस्क निवडून ‘क्लीन’ व ‘कन्व्हर्ट जीपीटी’ या दोन आज्ञा द्याव्यात. डिस्कवर चालू विंडोज व कामाची माहिती असेल, तर २०१७ पासून विंडोज १० मध्ये ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे साधन आहे. ते माहिती न पुसता कोष्टक बदलते. तरीही आधी नक्कल काढावी, आणि नंतर यंत्राचे दारही यूईएफआयचे करावे. नाहीतर ते उठणारच नाही.

‘क्लीन’ ही आज्ञा मात्र जपून द्यावी. आमच्या माहितीतल्या एका लहान संघटनेचा संगणक दुरुस्तीला गेला असता दुरुस्ती करणाऱ्याने हाच संदेश वाचला, काही न विचारता वाटणी पुसली आणि नवे विंडोज टाकून दिले. यंत्र झकास चालू झाले. सभासदांच्या वर्गणीची बारा वर्षांची नोंद मात्र गेली. थकबाकीच्या दाव्यात ज्या कामगारांना ती नोंद पुरावा म्हणून हवी होती, त्यांना चालू यंत्राचा काय उपयोग?

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला यूईएफआयच लागते, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. पुष्कळ चांगली यंत्रे त्यामुळे भंगाराच्या वाटेला लागतील. लिनक्सच्या अनेक प्रणाली दोन्ही दारांनी येतात; त्यांवर अशी यंत्रे आणखी काही वर्षे शाळकरी मुलांच्या आणि संघटनांच्या कामी येऊ शकतात.

कराराचा मसुदा न वाचता सही करू नये, हे आम्ही कामगारांना नेहमी सांगत आलो. पडद्यावरचा संदेश हाही मसुदाच आहे. तो वाचावा, कोणता करार लागू आहे ते ओळखावे, आणि मगच होकाराची कळ दाबावी.