क्लिकमागे खर्च, विक्रीमागे दलाली

पाचोरा : बाजार समितीतील अडत्या मालाच्या विक्रीवर अडत घेतो. महाजालावरील ‘ॲफिलिएट’ हाही एक प्रकारचा अडत्याच. माल दुसऱ्याचा, दुकानही दुसऱ्याचे. फरक इतकाच, की ग्राहक आणण्यासाठी द्यावयाच्या जाहिरातीचा खर्च त्याच्या स्वतःच्या खिशातून होतो. पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी बसूनही हा व्यवसाय करता येतो, हे खरे. परंतु दोन-तीन हजारांची पुंजी आठवड्यात संपवणेही तितकेच सोपे आहे.

ॲमेझॉनने १९९६ मध्ये भागीदारांना विक्रीवर दलाली देण्याची योजना सुरू केली. १९९८ मध्ये ‘गोटू’ या शोधयंत्राने क्लिकमागे बोली लावण्याची पद्धत रूढ केली आणि २००२ मध्ये गूगलने ती आपल्या ॲडवर्ड्‌समध्ये आणली. २०१८ पासून या सेवेचे नाव गूगल ॲड्‌स असे आहे.

सारा हिशेब एका गुणाकारावर उभा आहे. समजा, एका विक्रीवर ५०० रुपये दलाली मिळते आणि १०० क्लिकमागे एक ग्राहक खरेदी करतो. म्हणजे एका क्लिकचे मोल ५ रुपये. भारतात जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. नोंदणी नसलेल्याला तो परत मिळत नाही. त्यामुळे क्लिकची किंमत ४ रुपये २४ पैशांच्या आत राहिली तरच तोटा टळतो. दलाली ५० रुपयेच असेल, तर हीच मर्यादा ४२ पैशांवर येते. स्वस्त वस्तूंच्या जाहिराती बहुधा येथेच बुडतात.

आता चाचणीचे. वरील उदाहरणात १०० क्लिक होऊनही एकही विक्री न होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. तेवढ्यावरून जाहिरात वाईट ठरवणे घाईचे होईल. ३०० क्लिकनंतरही विक्री शून्य असेल, तर मात्र निव्वळ दुर्दैवाची शक्यता ५ टक्क्यांवर येते आणि जाहिरात बंद करणे शहाणपणाचे. ४ रुपये दराने या चाचणीस करासह १,४१६ रुपये लागतात. तीच रक्कम दहा जाहिरातींत वाटल्यास प्रत्येकीच्या वाट्याला ३० क्लिक येतात आणि त्यांतून काहीच उमगत नाही. एक वस्तू, एक जाहिरात, मोजके शोधशब्द, एवढेच ठेवावे. उलट बाजूने, पहिल्याच दिवशी दोन विक्री झाल्या म्हणून रक्कम चौपट करणेही तितकेच धोक्याचे.

गूगलच्या मूळ मांडणीत काही खाचखळगे आहेत. शोध-जाहिरातीसोबत इतर संकेतस्थळांवरील जाहिरातीही आपोआप जोडलेल्या असू शकतात, त्या काढाव्यात. ‘स्थान’ या पर्यायात त्या भागात असलेल्यांबरोबर तेथे केवळ रस असलेलेही मोजले जातात. ‘मोफत’, ‘नोकरी’ अशा नकोशा शब्दांची यादी आधीच भरावी. दिवसाला ५० रुपये ठरवले, तरी एखाद्या दिवशी १०० रुपयांपर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याची मर्यादा मात्र ३०.४ पट, म्हणजे १,५२० रुपये. कर वेगळा.

कंपनीच्या अटी आधी वाचाव्यात. शोध-जाहिरातीतून ग्राहकाला थेट आपल्या पानावर धाडण्यास ॲमेझॉनची भागीदारांना मनाई आहे. अशा विक्रीवर दलाली मिळत नाही. शिवाय माल परत आला की दलालीही रद्द होते, आणि उरलेली रक्कम महिना संपल्यानंतर सुमारे ६० दिवसांनी हाती येते. जाहिरातीचे बिल तोपर्यंत थांबत नाही.