धुराच्या वाटेची कुळकथा

वऱ्हाडात इंजिन आले ते कापसाच्या मागोमाग. १८५३ च्या तहाने निजामाच्या या सुपीक मुलखाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला, त्यानंतर दहा वर्षे लोटण्यापूर्वीच अमेरिकेत यादवी माजून लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाचा तुटवडा पडला, आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग अकोला व बडनेरा ओलांडून नागपुरास जाऊन भिडला. १८७० साली जलंब ते खामगाव हा एवढासा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत खुला झाला, यावरून या जिल्ह्यांतील कापसाचे सरकारदरबारी केवढे मोल होते ते ध्यानात यावे. रेल्वेपाठोपाठ सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे जिन-प्रेस उभे राहिले आणि त्यांची विटांची उंच धुराडी काळ्या रानावर कोसभर अंतरावरून दिसू लागली.

इंजिनाची चौकशी करताना ते किती ओढते, किती पाणी उपसते आणि किती कोळसा किंवा तेल खाते एवढेच माणूस विचारतो. काम आटोपलेली वाफ अथवा जळून गेलेला वायू कोणत्या वाटेने बाहेर पडतो, हे विचारण्याचे त्याच्या मनातही येत नाही. वस्तुतः गेल्या दोनशे वर्षांत इंजिनाची जी शक्तिवृद्धी झाली तिचा फार मोठा हिस्सा या बहिर्गमनाच्या वाटेच्या सुधारणेने मिळवून दिला आहे, आणि वेगवान बोटीच्या इंजिनावर आज बसवतात ते मॅनिफोल्ड व रायझर याच वंशातील अगदी अलीकडची पिढी होय.

या वंशाचा मूळपुरुष पाहावयाचा तर मूर्तिजापूरच्या स्टेशनाकडे वळावे लागते. किलिक निक्सन या कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत कापसाच्या वाहतुकीसाठी उभारलेल्या अडीच फुटी रुळांच्या शाखा येथून निघत. एक यवतमाळास जाई, दुसरी अचलपुरास. ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने वऱ्हाडात घरोघरी परिचित झालेली ती गाडी मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेल्या झेडडी वर्गाच्या वाफेच्या इंजिनाने १९२३ पासून ओढली, आणि १५ एप्रिल १९९४ रोजी ते इंजिन निवृत्त होऊन त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. अशा इंजिनाचा जो ‘झुक् झुक्’ असा नाद लहान मुलांनाही पाठ असतो, तो इंजिनाच्या श्वसनाचा नाद आहे. सिलिंडरातील दट्ट्या ढकलून झाल्यावर उरलेली वाफ एका नळीवाटे पुढच्या धूम्रपेटीत येते, तेथे नळीचे तोंड निमुळते केलेले असल्यामुळे ती जोराने फवारून धुराड्यातून वर उसळते, आणि जाता जाता धूम्रपेटीतील हवा आपल्याबरोबर ओढून नेते. त्या ओढीने बॉयलरच्या नळ्यांतून अग्निपेटीतले वायू खेचले जातात आणि जाळीखालून ताजी हवा निखाऱ्यांत शिरते. गाडी जितकी जड आणि चढ जितका उभा, तितकी वाफ अधिक, म्हणून ओढ अधिक, म्हणून विस्तव अधिक प्रखर. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यास असे चार ठोके पडतात, आणि त्यांतला एखादा दुबळा पडला की व्हॉल्व्ह कोठे बिघडला आहे ते मुरलेला ड्रायव्हर खाली न उतरता सांगू शकतो.

टाकाऊ वाफेकडून हे काम करून घेण्याची युक्ती प्रथम दिसते ती रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या इंजिनात. १८०४ च्या फेब्रुवारीत वेल्समधील पेनिडॅरन येथे त्याने रुळांवरून गाडी ओढून दाखविली, तेव्हा वापरलेली वाफ त्याने धुराड्यात सोडली होती, आणि त्यामुळे विस्तव भडकतो हे त्याच्या दृष्टीस आले होते. १८२९ मध्ये रेनहिलच्या चाचणीत स्टीफन्सनचे ‘रॉकेट’ विजयी झाले, त्यातही या फवाऱ्याचा वाटा होता. मात्र या युक्तीच्या पोटातच एक अडचण दडलेली होती. नळीचे तोंड अरुंद करावे तर ओढ वाढते, परंतु बाहेर पडू पाहणाऱ्या वाफेस तेथे अटकाव होतो आणि तो अटकाव मागे सरून दट्ट्यावरच उलटा दाब देतो. तोंड रुंद करावे तर दट्ट्या मोकळा होतो, पण विस्तव मंदावतो. इंजिनाच्या निःश्वासाचा सारा पुढील इतिहास म्हणजे या दोन टोकांमध्ये तोडगा काढण्याचा इतिहास आहे.

तो तोडगा सर्वांत सुंदर रीतीने काढला तो फ्रान्सच्या आंद्रे शापलाँ याने, असे माझे निश्चित मत आहे. फिनलंडच्या क्यलेला नामक अभियंत्याने वाफेचा फवारा विभागून सोडण्याची जी योजना केली होती तिच्यात भर घालून त्याने नवे धुराडे रचले, आत येणाऱ्या वाफेचे मार्गही रुंद व गुळगुळीत केले, आणि १९२९ साली ३५६६ क्रमांकाचे एक जुने इंजिन या पद्धतीने नवे करून रुळांवर आणले. सांगाडा तोच, चाके तीच. तरी त्याची शक्ती सुमारे अठराशे अश्वशक्तीवरून तीन हजारांच्या घरात गेली. ३ जुलै १९३८ रोजी इंग्लंडातील ‘मॅलार्ड’ने ताशी सुमारे २०३ किलोमीटरचा वाफेचा उच्चांक गाठला तोही याच घडणीचे जोड धुराडे घेऊन.

वाफेमागून तेलाचे इंजिन आले आणि वऱ्हाडच्या विहिरींवर मोटेची जागा त्याने घेतली. पुण्याजवळ खडकीस किर्लोस्करांनी १९४६ मध्ये तेलइंजिनांची कंपनी काढली, त्यानंतर हे यंत्र शेतकऱ्याच्या आटोक्यात आले, आणि वरूड-मोर्शीच्या संत्र्यांच्या बागांतून त्याचा ठोका रात्रंदिवस ऐकू येऊ लागला. ज्याने ते जवळून पाहिले आहे त्याला दोन गोष्टी आठवतील. एक, आकाशाकडे तोंड करून उभी असलेली धुराची नळी, जिच्यावर पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून इंजिन बंद झाल्यावर पत्र्याचा डबा पालथा घालीत. कारण त्या वाटेने उतरलेले पाणी थेट व्हॉल्व्हपर्यंत जाते आणि एका पावसात इंजिन जाम होते. दुसरी, पंपाने उपसलेल्या पाण्यातलीच एक बारीक धार सिलिंडरभोवतालच्या पोकळीतून फिरून कोमट होऊन दांडात पडे, आणि हिवाळ्याच्या पहाटे गडीमाणसे तिच्याखाली हातपाय धूत. बोटीच्या इंजिनाची सारी रचना या दोन गोष्टींत बीजरूपाने आलेली आहे.

बोटीत तेलइंजिन बसविण्याचा नामांकित प्रयोग गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८६ साली कानश्टाट येथे नेकार नदीवर केला. लोक पेट्रोलला भितात म्हणून त्यांनी बोटीवर तारा आणि चिनी मातीचे खुंटे लावून ती विजेवर चालत असल्याचा देखावा केला होता. भीती अगदीच अनाठायी नव्हती. पेट्रोल इंजिनातून निघणारे वायू कित्येक शे अंश तापलेले असतात, आणि बोटीत इंजिन असते ते लाकडाच्या किंवा फायबरच्या बंद कोठडीत, जेथे इंधनाची वाफही साचू शकते. तेव्हा सर्व सिलिंडरांचे वायू एकत्र करणारा जो बिडाचा मॅनिफोल्ड, त्याला दुहेरी भिंत देऊन मधल्या पोकळीतून बाहेरचे पाणी खेळविण्याची तजवीज झाली. हे पाणी शेवटी वायूतच मिसळून बाहेर टाकतात. त्याने वायू निवतो आणि आवाजही दबतो. परंतु पाणी आणि वायू एकाच वाटेने जाऊ लागले की शेतकऱ्याच्या डब्याचा प्रश्न येथे शतपट होऊन उभा राहतो, कारण येथे पाणी नदीचे किंवा समुद्राचे असते आणि इंजिन त्याच्या पातळीच्या आसपास बसलेले असते. त्यावरचा बंदोबस्त म्हणजे रायझर. मॅनिफोल्डवर उभी केलेली ही बाकदार नळी वायूला आधी पाण्याच्या पातळीपेक्षा पुरेसे वर नेते, माथा ओलांडल्यावर उतारावर त्यात पाणी सोडते, आणि मग दोघांना मिळून बाहेर घालविते. पाण्याने मागे यावयाचे म्हटले तर त्याला चढ चढावा लागतो.

वेगाच्या हौसेने इंजिन वाढविणारे लोक फसतात ते नेमके येथे. जोरकस इंजिनाच्या कॅमशाफ्टमुळे धुराचा आणि हवेचा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे राहतात, आणि मंद गतीत त्या क्षणी वायू उलटा खेचला जाऊन रायझरमधले पाण्याचे तुषार सिलिंडरात शिरतात. म्हणून अशा इंजिनास नुसता रुंद मॅनिफोल्ड भागत नाही. रायझर अधिक उंच हवा, आणि पाणी मिसळण्याची जागा व्हॉल्व्हपासून अधिक दूर हवी. अरुंद जुने मॅनिफोल्ड काढून प्रत्येक सिलिंडरास मोकळी वाट देणारे नवे बसविले की उलटा दाब घटतो आणि तीच शक्ती पंख्याकडे वळते. ट्रेव्हिथिकपासून शापलाँपर्यंत जो हिशेब चालला तोच हा.

खाऱ्या पाण्याचे आणि लोखंडाचे वैर पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, बाळापूर या बाजूस राहणाऱ्यास मुद्दाम समजावून द्यावे लागत नाही. समुद्रात तेच वैर गरम लोखंडाशी असते, म्हणून अधिक भयंकर. बिडाचा रायझर बाहेरून रंग लावून नवा दिसत असला तरी त्याची आतली भिंत गंजून सोललेली असते, गंजाच्या पापुद्र्यांनी पाण्याच्या वाटा बुजतात, गॅस्केटजवळ चीर पडते, आणि बोट धक्क्यास उभी असताना थेंब थेंब पाणी सिलिंडरात साचते. पाणी दाबले जात नाही. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करताच दट्ट्याचा दांडा वाकतो. यास्तव ज्यांची बोट समुद्रात चालते त्यांनी दरवर्षी रायझर उतरवून आतून पाहावेत, पाचएक वर्षांनी ते मॅनिफोल्डसह आणि गॅस्केटसह दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत, आणि इंजिनाची अश्वशक्ती वाढविण्यासाठी पैसा खर्चावयाचा असेल तर पहिला रुपया या वाटेवर खर्चावा.